चिक्की विकली जाते, उसळीचं काय? पाबळच्या ‘गृह-आरोग्य’ तासाचं प्रकरण

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे कमी पावसाचं गाव. इतिहासाची आवड असणाऱ्यांना ते मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असतं, शिक्षणात काम करणाऱ्यांना विज्ञान आश्रमामुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये इथे हा आश्रम सुरू केला. कलबाग अन्नतंत्रज्ञ होते. आधी म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात त्यांनी काम केलं होतं. नोकरी सोडून ते दुष्काळी गावात आले ते एक साधी गोष्ट पडताळून पाहायला: हाताने काम करताना मुलं जे शिकतात ते फळ्यावरून शिकवलेल्यापेक्षा पक्कं बसतं का, आणि ते गावच्या शाळेला परवडतं का.

त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा शालेय विषय उभा राहिला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलगे-मुली सगळ्यांनी चारही विभाग करायचे, म्हणजे मुलीने वेल्डिंग करायचं आणि मुलाने कणीक मळायची. शिकवणारे निदेशक शक्यतो गावातलेच, हातात कसब असलेले. मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडावं आणि त्याचे पैसे घ्यावेत, हाही रचनेचाच भाग. पुढे लेंड-अ-हँड-इंडिया या पुण्याच्या संस्थेच्या सहभागाने हा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांत गेला.

इथे आपण फक्त गृह-आरोग्य विभागातला स्वयंपाक पाहणार आहोत. प्रश्न एकच आहे: या पद्धतीने मुलं पौष्टिक खाणं करायला शिकतात का? आमचं उत्तर असं की पद्धत उत्तम आहे, पदार्थांची निवड मात्र तपासून घ्यावी लागते. मोजमाप, हिशोब आणि खरं गिऱ्हाईक या तीन गोष्टी पाबळच्या रचनेत आहेत आणि पाककृतीच्या साध्या वर्गात त्या जवळजवळ कधीच नसतात. पण याच तीन गोष्टी मुलांना टिकाऊ आणि खपाऊ पदार्थांकडे ढकलतात, आणि टिकाऊ पदार्थात साखर, गूळ, तेल, मीठ यांचाच भरणा असतो. खालची मापं वीस मुलांच्या तुकडीला, पाचपाचच्या चार गटांना बसतील अशी दिली आहेत. ती आश्रमाच्या अभ्यासक्रमातून उतरवलेली नाहीत, कुठल्याही वस्तीतल्या किंवा गावातल्या संस्थेला वापरता यावीत म्हणून मांडली आहेत.

आधी वाटी मोजायची

पहिल्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. प्रत्येक मुलाने घरून रोजच्या वापरातली वाटी, चमचा आणि पळी आणायची. वर्गात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि एक मोजपात्र पुरतं. वाटीत पाणी भरून किती मिलिलिटर मावतं ते मोजायचं, मग त्याच वाटीने बाजरीचं पीठ, तांदूळ, मटकी मोजून वजनं लिहायची. कुणाची वाटी शंभर मिलिलिटरची निघते, कुणाची दोनशेची. ‘एक वाटी डाळ’ या शब्दांत किती फरक दडलेला असतो हे फळ्यावर सांगून कळत नाही, वीस वाट्या ओळीने मांडल्या की लगेच दिसतं.

पळीचं प्रकरण याहून महत्त्वाचं. पाच मिलिलिटरचा एक लहान चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, सुमारे चाळीस उष्मांक. घरची फोडणीची पळी बहुधा पंचवीस-तीस मिलिलिटरच्या घरात असते. मुलांना ‘तेल कमी वापरा’ म्हणून काही उपयोग नाही, कारण कमी म्हणजे किती हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. सोपा उपाय: फोडणीआधी तेलाच्या बाटलीचं वजन करा, फोडणीनंतर पुन्हा करा, फरकाला ताटांच्या संख्येने भागा. ही सवय लागली की पुढच्या तासांना मुलं स्वतःहून बाटली काट्यावर ठेवतात.

काटा कुठे ठेवता तेही पाहावं. खिडकीजवळ किंवा पंख्याखाली ठेवला तर वाऱ्याने आकडे नाचतात, चुलीजवळ ठेवला तर वाफेने बिघडतो. आणि भांडं ठेवून शून्य करण्याचं बटण दाबायला मुलं विसरतात. पहिल्या महिन्यातल्या निम्म्या विचित्र हिशोबांचं मूळ तिथे सापडतं.

चिक्की: सगळ्यांची लाडकी, आणि म्हणूनच अवघड

गृह-आरोग्य विभागात चिक्की, नानकटाई, पाव, लोणचं, पापड असे पदार्थ होतात. त्यातली चिक्की शिकवायला फार सोयीची. साहित्य दोन-तीन, वेळ दीड तास, यश-अपयश जिभेवर लगेच कळतं, आणि गावात खपते. विज्ञानाच्या अंगानेही ती चांगली, कारण साखरेच्या पाकाचा प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो.

एका किलो कच्च्या शेंगदाण्यांना ८०० ग्रॅम चिक्कीचा गूळ आणि २० ग्रॅम तूप. आधी निवडणं. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे बाजूला काढून फेकायचे, भाजून ‘चालवून’ घ्यायचे नाहीत. ओलसर साठवलेल्या दाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि घरगुती भाजण्याने ते पुरतं नष्ट होत नाही. मुलांना हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून गटागटाने बाद दाण्यांचं वजन लिहायला लावावं, नजर आपोआप बारीक होते. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हेही पालकांना आधी विचारून ठेवावं.

दाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, सतत हलवत. टरफलं चोळून पाखडून काढली की किलोचे साधारण ९०० ग्रॅम उरतात. हे दाणे गरमच ठेवायचे, कारण गार दाणे पाकात पडले की पाक जागच्या जागी आळतो आणि लाटेपर्यंत गोळा फुटतो. गूळ बारीक चिरून जाड बुडाच्या कढईत तुपासह मंद आचेवर. आधी तो पातळ होऊन फेसाळतो, मग फेस बारीक होतो आणि रंग सोनेरी-तांबूस होतो. इथून पुढे एका मुलाने फक्त पाण्याची वाटी सांभाळायची: दर अर्ध्या मिनिटाला पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा. थेंब बोटाने दाबला जातोय तोवर पाक कच्चा. वाकतोय पण तुटत नाही, तर अजून कच्चा. ‘टक्’ करून काचेसारखा तुटला आणि दाताला चिकटला नाही, की झाला. तापमापी असेल तर तेव्हा १४५ ते १५० अंश सेल्सिअस दिसतं. त्यापुढे दहा अंश गेलं की कडवटपणा येतो, आणि लोखंडी कढई आच बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून गॅस किंचित आधीच बंद करायचा.

दाणे घालून एकदाच नीट ढवळायचं, तूप लावलेल्या ओट्यावर ओतायचं, तूप लावलेल्या लाटण्याने मिनिटभरात लाटायचं आणि गरम असतानाच कापायचं. ओतण्याचं काम मुलांकडे द्यायचं नाही, ते ताईंनी किंवा सरांनीच करायचं. उकळत्या पाण्यापेक्षा हा पाक पन्नास अंशांनी गरम असतो, शिवाय कातडीला चिकटून बसतो, म्हणून भाजलं तर खोल भाजतं. भाजल्यास भाग वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावायचं नाही. हा नियम चुलीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा.

चिक्की का बिघडते, तर बहुतेक वेळा पाक लवकर उतरवल्याने. ‘ताई, झाला का? झाला का?’ असा सारखा घोशा चाललेला असतो, आणि निदेशक कंटाळून हो म्हणतात. दुसरं कारण गूळच चुकीचा असणं. स्वयंपाकाचा मऊ, ओलसर गूळ लवकर कडक होत नाही आणि केलेली चिक्की हवेतलं पाणी ओढून घेते. तिसरं कारण ऋतू. जून ते सप्टेंबर चिक्की लाटून उघडी ठेवली तर तासाभरात चिकट होते, गार होताच हवाबंद डब्यात जायला हवी. पावसाळ्यात चिक्कीचा तास न घेणंच शहाणपणाचं.

सांडलवंड, कढईला चिकटलेलं धरून साधारण १,६२५ ग्रॅम माल निघतो, म्हणजे २५ ग्रॅमचे ६५ तुकडे. आता हिशोब. दाणे किलोला १४० रुपये, गूळ ६० रुपये, तूप ६०० रुपये धरलं, तर कच्चा माल १४० + ४८ + १२, म्हणजे २०० रुपये. गॅस १०, पिशव्या १५. मजुरी कच्च्या मालाच्या ३५ टक्के धरली तर ७०. एकूण २९५ रुपये, तुकड्याला साडेचार. पाचला विकली की जेमतेम सुटते. मजुरी धरायला मुलं हमखास विसरतात, ‘आपणच तर केली’ म्हणतात. हा विसर मोडण्यासाठी हिशोबाच्या कोष्टकात मजुरीची ओळ आधीच छापून ठेवावी, रिकामी ठेवली तर दिसते.

याच कोष्टकाला खाली दुसरा भाग जोडावा, तो बहुतेक ठिकाणी नसतो: एका तुकड्यात काय गेलं. सुमारे सव्वाशे उष्मांक, साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि १२ ग्रॅम गूळ. शेंगदाण्याच्या चिक्कीला सरसकट ‘पौष्टिक’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एक तुकडा पौष्टिक आहे, चार तुकडे म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम गूळ. ‘गुळात लोह असतं’ हे पालकांचं आवडतं वाक्य खरं आहे, पण वीस ग्रॅम गुळातून मिळणारं लोह एक मिलिग्रॅमच्याही आत राहतं. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह आहारात असावं असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत आहे, मुलग्याला २२.

ताटाचा तास

वर्षभराच्या आखणीत विकण्याचे पदार्थ आणि रोजच्या ताटातले पदार्थ निम्मे-निम्मे असावेत असं आमचं मत आहे. प्रत्यक्षात ताटातले पदार्थ मागे पडतात. भाकरी-उसळ काय, घरी आई करतेच, ती शाळेत कशाला? या आक्षेपाला उत्तर एवढंच की आई करते, मूल करत नाही. मोड कसे आणायचे आणि भाकरी का चिरते हे दहावीतल्या बहुतेक मुलग्यांना सांगता येत नाही, आणि आता मुलींनाही कमीच येतं.

मटकीच्या उसळीची पहिली अडचण वेळापत्रकाची आहे. तास आठवड्यातून एकदा आणि मोड आणायला दोन रात्री लागतात. तास शुक्रवारी असेल तर बुधवारी रात्री मटकी भिजली पाहिजे. म्हणून प्रत्येक गटातल्या एका मुलाकडे बुधवारी १५० ग्रॅम मटकी घरी द्यायची: रात्रभर भरपूर पाण्यात, गुरुवारी सकाळी उपसून, धुऊन, फडक्यात सैल बांधून झाकून ठेवायची, संध्याकाळी फडक्यावर पाण्याचा हबका. चार घरांतून चार प्रकारची मटकी येते, आणि खरा धडा तिथेच सुरू होतो. एकीला सेंटिमीटरभर मोड आलेले, एकीला फक्त टोक फुटलेलं, एकीला बुळबुळ आणि आंबूस वास. बुळबुळ होते पाणी नीट न निथळल्याने, किंवा फडकं घट्ट बांधून उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवल्याने. मोड येत नाहीत थंडीत, तेव्हा गाठोडं डब्यात घालून चुलीच्या उबेला किंवा गोधडीत ठेवायचं. बुळबुळीत मटकी टाकूनच द्यायची, धुऊन वापरायची नाही. भिजूनही खड्यासारखे राहिलेले गणंग दाणे निवडून काढायचे, नाहीतर एखाद्याचा दात दुखावतो आणि तो मुलगा वर्षभर उसळ खात नाही.

सहाशे ग्रॅम कोरड्या मटकीचे सव्वा किलोच्या आसपास मोड निघतात. वीस जणांसाठी त्याला कांदा ३०० ग्रॅम, टोमॅटो ३०० ग्रॅम, तेल १०० मिलिलिटर, मीठ २० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला २५ ग्रॅम, लिंबं सात, कोथिंबीर. फोडणीत कांदा, मसाला, मग मोड आणि अर्धा लिटर गरम पाणी. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. टोमॅटो मात्र मटकी बोटाने चेपली जायला लागल्यावर घालायचा. आंबटपणा आधी पडला की दाण्याचं साल मऊ व्हायला वेळ लागतो, मुलं आच वाढवतात, तळाला लागतं आणि वरची मटकी कच्चीच राहते. सारखं ढवळूनही मोड तुटतात. लिंबू ताटात, आच बंद झाल्यावर. उकळत्या भांड्यात पिळलं तर त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व बरंच उडून जातं, आणि लोह अंगी लागायला तेच तर हवं असतं.

चिरायचं काम विळीवर की सुरीवर? शहरी संस्था विळी बघूनच घाबरतात. खरं तर विळीचं पातं जागचं हलत नाही आणि दोन्ही हात भाजीवर असतात. अपघात होतो तो उठताना: पातं उघडं टाकून मूल उठतं आणि दुसरं त्यावरून ओलांडतं. ‘उठायच्या आधी विळी मिटायची’ हा एक नियम पाळला तर विळी चालते. ज्यांच्या घरी ओटा आहे त्यांना सुरी द्यावी, पण धार असलेली. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि बोटावर येते.

बाजरीच्या भाकरीत आधी गणित करावं. एक भाकरी भाजायला तीन-चार मिनिटं धरली, तवे दोन, तर वीस भाकऱ्यांना चाळीस मिनिटं. माणशी दोन केल्या तर ऐंशी, तास संपला. म्हणून शाळेत माणशी एकच, ७५ ग्रॅम पिठाची. पीठ आठ-दहा दिवसांच्या आतलं हवं. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे दळलेलं पीठ लवकर कडू होतं, आणि जुन्या पिठाची विरीही जाते: थापायला घेतलं की कडा फाटतात. पाणी चांगलं गरम हवं, कारण बाजरीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं, गरम पाण्याने पिठूळ भाग फुगून जी बांधणी होते तिच्यावरच भाकरी उभी राहते. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, तळहाताने रेटून. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायचं. उशीर झाला तर भेगा, पाणी जास्त झालं तर भाकरी चिकट आणि फुगत नाही. पहिल्या दिवशी चाळीस ग्रॅमच्या लहान भाकऱ्या थापू द्याव्यात. हाताएवढी भाकरी परातीतून उचलताना मोडत नाही आणि मुलाची उमेद राहते.

आता हे ताट कागदावर. दिवसभरात बाजरीचं पीठ १५० ग्रॅम म्हणजे साडेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास लोह, ३० ग्रॅम मटकीतून दोन-अडीच, शंभर ग्रॅम मेथीतून साडेपाच-पावणेसहा. बेरीज साडेसतरा-अठरा. तेरा वर्षांच्या मुलीला ३० हवं. मुलं गोंधळतात: एवढं चांगलं जेवूनही पुरत नाही? नाही पुरत. ही बेरीज मुद्दाम करून घ्यावी, कारण इथून खरे प्रश्न सुटे होतात. उरलेलं कुठून आणायचं, जेवणाबरोबर चहा का नको (चहातलं टॅनिन लोह अडवतं, तासभर अंतर हवं), पेरू-आवळा-लिंबू कशासाठी, आणि शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी खिडकीतून का फेकायची नाही. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. स्वयंपाकाचा तास गोळीची जागा घेईल असं सांगणारी संस्था मुलींचं नुकसान करते.

रक्ताचा आकडा

गृह-आरोग्य विभागाचं वेगळेपण हे की तिथे खाणं आणि शरीर एकाच वहीत येतात. मुलं हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासणी शिकतात आणि गावातही अशी तपासणी शिबिरं होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलग्यांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयी आढळले, त्यामुळे वीस जणांच्या तुकडीत कमी आकड्याची मुलं निघणार हे धरूनच चालावं.

हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या जुन्या पद्धतीत नळीत दोनच्या खुणेपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंबथेंब शुद्ध पाणी घालून रंग बाजूच्या काचेशी जुळवायचा. चुका तीन. बोट दाबून दाबून रक्त काढलं तर त्यात पेशीबाहेरचा द्रव मिसळतो आणि आकडा कमी येतो. दहाऐवजी चार मिनिटांत वाचलं तरी कमी येतो. आणि रंग उन्हात एक दिसतो, ट्यूबलाइटखाली दुसरा. म्हणून या पद्धतीने अर्ध्या ग्रॅमचा फरक ‘सुधारणा’ म्हणून मिरवू नये. टोचणं आरोग्यसेविकेकडे किंवा तंत्रज्ञाकडे, टोचायची सुई (लॅन्सेट) एकदाच वापरून टाकायची, पालकांची लेखी संमती आधी.

बारा ते चौदा वयाला शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली तर रक्तक्षय, ८ च्या खाली तीव्र, हे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष. आठच्या खालच्या मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, उसळीची वाट बघायची नाही. आकडे वर्गात मोठ्याने वाचायचे नाहीत, घडी घातलेली चिठ्ठी द्यायची. एकदा ‘तुझं नऊच आलं’ असं चारचौघांत झालं की ती मुलगी पुढच्या तपासणीला घरीच राहते.

आकडा वाढला तर श्रेय कुणाचं, हाही मोह आवरावा. जंताची गोळी, लोहाची गोळी, पाळीतला रक्तस्राव, मोजण्यातली चूक, या सगळ्यांत आठवड्यातल्या एका तासाचा वाटा वेगळा काढता येत नाही. स्वयंपाकाचा परिणाम बघायचा तर दुसरीकडे बघा: गेल्या आठवड्यात घरी कोणता पदार्थ स्वतः केला, किती जणांनी खाल्ला, तेल किती लागलं. तीन रकाने, आठवड्याला एक ओळ.

विकायचं काय

आता मूळ अडचण. उसळीचाही हिशोब करून पाहू. मटकी ११० रुपये किलोने ६६, कांदा-टोमॅटो २०, तेल १४, मीठ-मसाला १०, लिंबं २८: कच्चा माल १३८. गॅस ८, मजुरी ४८. एकूण १९४, वीस वाट्यांना भागलं तर वाटीला पावणेदहा रुपये. दहाला विकली तर उरतात पंचवीस-तीस पैसे. एका वाटीत दीडशेच्या आसपास उष्मांक, सहा ग्रॅम प्रथिनं, साखर नाही. पैशाला प्रथिनं चिक्कीपेक्षा थोडी कमी पडतात, पण गूळ वाचतो. पण चिक्की आज नाही खपली तर पुढच्या आठवड्यात खपेल, उसळ मधल्या सुट्टीनंतर शिळी. चार वाट्या उरल्या की चाळीस रुपये गेले, नफा तर नव्हताच. कुठलाही निदेशक पुढच्या वेळी चिक्कीच करणार, आणि त्यात त्याची चूक काही नाही.

यावर उपाय मागणी आधी घेणं. बुधवारी मटकी वाटायच्या आधी टोकन विकायची, जेवढी टोकनं तेवढीच मटकी. गणित असं उलटं फिरलं की नासाडी जवळजवळ थांबते, आणि मुलं माणशी ३० ग्रॅम कोरड्या मटकीचं प्रमाण तोंडपाठ म्हणायला लागतात. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे शिक्षकांचा डबा, बचत गटाची बैठक, गावातलं शिबिर: जिथे वीस-तीस माणसं ठरलेल्या वेळी नक्की जेवणार. तिसरा मार्ग म्हणजे विक्री सोडून शालेय पोषण आहाराशी सांधा जोडणं. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ-कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल धरलेलं असतं. नववीच्या गटाने महिन्यातून एकदा त्या ताटाचं वजन करून पाहावं. स्वयंपाकी मावशींची परवानगी आणि मदत घेऊन, त्यांची तपासणी करायला आल्याच्या थाटात मात्र नाही. तसं झालं की दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचं दार बंद होतं.

शाळेबाहेर नियमित विक्री होणार असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली नोंदणी लागते, तीही कामं मुलांसमोरच करावीत.

दुसऱ्या संस्थेने हे उचलायचं तर

वीस मुलांना दोन मोठी माणसं आणि एक मदतनीस, याहून कमी माणसांत आच पेटवू नये. सामान: दोन बर्नरच्या दोन शेगड्या, जाड बुडाची कढई, दोन लोखंडी तवे, दोन पराती, चार विळ्या किंवा आठ सुऱ्या, दोन काटे (एक बिघडतोच), मोजपात्र, वाहतं पाणी नसेल तर तोटीचं वीस लिटरचं पिंप, आग विझवायला वाळूची बादली आणि जाड ओलं पोतं. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी नाही. सिलिंडर मुलांच्या मागे, दाराजवळ, उभाच.

नवीन शैक्षणिक धोरणात (२०२०) सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवलेले आहेत. काही संस्था त्या दहा दिवसांत हे सगळं बसवायला बघतात. नाही बसत. मटकी, भाकरी, वाटी-काटा आणि हिशोब एवढंच घ्यावं, रक्त आणि विक्री सोडून द्यावी. पाबळच्या रचनेतला खरा ऐवज आठवड्यातला एक दिवस हा आहे, कारण मंगळवारी बिघडलेली भाकरी पुढच्या मंगळवारी पुन्हा थापता येते.

निदेशकाचं मानधन हा खर्चातला सगळ्यात मोठा आकडा असतो आणि देणगीदार नेमका तोच टाळतात, त्यांना शेगडीवर नाव घालायचं असतं. कलबागांनी यावर सुचवलेली वाट अशी होती की निदेशकाने शाळा सुटल्यावर तीच साधनं वापरून स्वतःचा व्यवसाय करावा. वर्कशॉपवाल्या निदेशकाला ती बरी जमते. गृह-आरोग्यवाल्या ताईंना तेवढी सोपी जात नाही, कारण शाळा सुटते त्याच वेळी घरची चूल पेटवायची असते. ताईंसाठी सकाळच्या दोन तासांची परवानगी आणि शाळेच्या कपाटाची किल्ली, एवढं ठरावात लिहून घ्यावं. तोंडी ठरलेलं मुख्याध्यापक बदलले की बदलतं.